शहीद द्वीपावर दिसलेला काळा-निळा-पिवळा प्राणी: ओळख पाठीवरून किती, तळव्यावरून किती

अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी चार प्रश्न एकत्र विचारले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत काही शिक्षक-कुटुंबे मिळून अंदमानला गेली होती. शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावर, खडकाच्या नैसर्गिक कमानीजवळ ओहोटीने उघड्या पडलेल्या एका डबक्यात त्यांना बोटाएवढा लांब, काळा-निळसर आणि अंगभर पिवळे ठिपके असलेला एक प्राणी दिसला. वाटाड्याने त्याला समुद्री काकडीचे पिल्लू म्हटले. मोबाइलमधील ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपने ‘फिलिडिएला पुस्टुलोसा’ हे नाव दिले. बरोबरच्या एका मुलाने तो प्राणी पाण्याच्या बाटलीत घातला. त्याच बाटलीत आधी पकडलेले दोन लहान मासे होते, ते थोड्याच वेळात मेले, आणि सगळ्यांनी घाबरून प्राणी पुन्हा डबक्यात सोडून दिला. सोबत दोन छायाचित्रे आली आहेत, एक वरून आणि एक समोरून तिरके. हा प्राणी कोणता, अ‍ॅप बरोबर की वाटाड्या, हात लावलेल्या मुलाला काही धोका आहे का, आणि असा प्राणी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवता येईल का, असे हे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपण पाहिलेला प्राणी ही शंख नसलेली समुद्री गोगलगाय आहे, तिचा वंश फिलिडिया आहे, आणि जाती बहुधा फिलिडिया व्हॅरिकोसा आहे. यातील पहिली दोन विधाने मी खात्रीने करतो. तिसऱ्या विधानातील ‘बहुधा’ मात्र आपल्या दोन छायाचित्रांवरून मला काढून टाकता येत नाही, कारण तो शब्द काढण्यासाठी लागणारी खूण प्राण्याच्या पाठीवर नसून त्याच्या तळव्यावर असते आणि तळवा दोन्ही छायाचित्रांत दिसत नाही.

शंख नसलेल्या आणि कल्ले उघडे असलेल्या या समुद्री गोगलगायींना न्यूडीब्रँक म्हणतात. जगभरात त्यांच्या सुमारे ३,००० जाती माहीत आहेत. अंड्यातून बाहेर पडलेल्या अळीला नाजूक शंख असतो, पुढे रूपांतर होताना तो गळून पडतो आणि प्रौढ प्राणी उघडाच राहतो. शंखाचे संरक्षण गेल्यावर यांपैकी बहुतेकांनी रसायनांचा आधार घेतला, आणि ज्याच्या अंगात विष आहे त्याने ते लपवण्यापेक्षा जाहीर करणे फायद्याचे ठरते, म्हणून हे भडक रंग आले. या कारणानेच रंगावर विसंबून ओळख करणे धोक्याचे आहे. एकाच भागात राहणाऱ्या अनेक विषारी जातींचे रंग एकमेकींसारखे झालेले असतात, कारण एका जातीवर तोंड पोळलेला मासा तशाच रंगाच्या दुसऱ्या जातीलाही सोडून देतो. आणि ज्यांच्या अंगात तितके विष नाही असे काही परके प्राणीही त्याच रंगाचा आसरा घेतात. म्हणून रंग पाहून आपण कोणत्या गटात शोधायचे एवढे ठरवावे. निर्णय शरीराच्या रचनेवर करावा.

समोरून घेतलेले आपले तिरके छायाचित्र या कामाला फार उपयोगी पडले. त्यात डोक्याच्या बाजूला दोन पिवळी, उभी, टोकाकडे निमुळती होत गेलेली शृंगे दिसतात, आणि छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्यांवर आडव्या बारीक पाकळ्यांची चळत दिसते. ही रायनोफोर, म्हणजे गोगलगायीची वास घेण्याची इंद्रिये. प्रत्येक शृंग पाठीवरील एका खळग्यातून वर आले आहे आणि प्राणी घाबरला तर ते आत ओढून घेतो. आपल्याकडच्या शेतातील गोगलगायीच्या लांब शृंगांच्या टोकाला डोळे असतात. समुद्री गोगलगायींचे डोळे मात्र त्वचेखाली दडलेले दोन सूक्ष्म ठिपके असतात आणि त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे कळत नाही. जगण्याची सगळी भिस्त वासावर असते. रायनोफोर दिसले की प्राणी समुद्री काकडी नाही हे निश्चित होते, कारण समुद्री काकडीला असे अवयव नसतात.

तरीही वाटाड्याला हसू नये असे मला वाटते. पिअर्सनोथुरिया ग्राएफी नावाची एक समुद्री काकडी हिंदी आणि प्रशांत महासागरांतील प्रवाळांवर राहते. तिची प्रौढ अवस्था तपकिरी, ठिपकेदार आणि अगदी वेगळ्या रूपाची असते. पण तिची पिल्ले फिकट, काळ्या पट्ट्यांची आणि पिवळ्या टोकदार उंचवट्यांची असतात, आणि ती फिलिडिया गोगलगायीची नक्कल करतात. पिल्लू मोठे झाले की ही नक्कल सुटते. अशी पिल्ले वाटाड्याने पाहिली असतील तर त्याने दिलेले नाव चुकले असले तरी अनुभवातून आलेले आहे. फरक पाहायचा असेल तर पिल्लाचे अंग लांबट गोल असते, खाली चपटा सलग तळवा नसून नळीसारखे असंख्य पाय असतात, आणि तोंडाभोवती मिशांसारख्या स्पर्शकांचा झुबका असतो. आपल्या छायाचित्रातील प्राण्याच्या कडेने पसरट झालर जमिनीला टेकलेली आहे. ही झालर म्हणजे प्रावाराची, म्हणजे पाठ झाकणाऱ्या कातडीच्या आवरणाची कड, आणि ती गोगलगायीचीच आहे.

आता वंश. रंगीत न्यूडीब्रँकचे चित्र डोळ्यांपुढे आणले की बहुतेकांना पाठीच्या मागच्या भागावर फुलासारखा उमललेला कल्ल्यांचा तुरा आठवतो, आणि क्रोमोडोरिस वगैरे वंशांत तो खरोखरच असतो. आपल्या वरून घेतलेल्या छायाचित्रात तो तुरा कुठेही नाही. तो आत ओढला गेला आहे असेही नाही, कारण मग त्याचा खळगा दिसला असता. फिलिडिया ज्या कुळात येतो त्या फिलिडिइडे कुळात कल्ले पाठीवर नसतातच. प्रावाराची कड आणि पाद, म्हणजे सरपटण्याचा खालचा मांसल भाग, यांच्यामधल्या घडीत, शरीराच्या दोन्ही बाजूंना, पानांसारख्या लहान पट्ट्यांच्या रांगेत ते लपलेले असतात. या कुळाची दुसरी खूण हाताला कळते. याच्या कातडीत चुनखडीयुक्त कंटिकांचे, म्हणजे सुईसारख्या बारीक काट्यांचे, दाट जाळे असते आणि प्राणी मऊ लिबलिबीत न लागता कडक, खरखरीत लागतो. ज्या मुलाने तो उचलला त्याला विचारून पाहा. त्याने ‘रबरापेक्षा कडक’ असे काही सांगितले तर तो पुरावा म्हणून नोंदवावा, कारण छायाचित्रात स्पर्श येत नाही.

या कुळात पाठीवर उंचवटे असलेल्या जाती पुष्कळ आहेत, आणि अ‍ॅपने सुचवलेली फिलिडिएला पुस्टुलोसा ही त्यांतील बहुधा सर्वांत जास्त वेळा दिसणारी. तिच्या काळ्या पाठीवर गुलाबी, पांढुरक्या किंवा हिरवट गाठींचे पुंजके असतात. पिवळ्या टोप्या तिच्या गाठींवर नसतात, आणि तिची रायनोफोर काळी असतात. आपल्या प्राण्याच्या गाठींवर पिवळ्या टोप्या स्पष्ट आहेत आणि रायनोफोर पिवळी आहेत, तेव्हा ही दोन लक्षणे मिळून अ‍ॅपचे उत्तर बाद करतात. अ‍ॅप चुकले तरी ते योग्य कुळापर्यंत पोहोचले होते हेही मान्य करायला हवे. अशी अ‍ॅप चित्राचा एकूण आकार, रंग आणि पोत यांची जुळणी करतात. कोणता अवयव महत्त्वाचा आणि कोणता बिनमहत्त्वाचा हा विवेक माणसालाच करावा लागतो. त्यातून फिलिडिएला पुस्टुलोसा या नावाखाली आपण ज्यांना एक समजत होतो त्या प्रत्यक्षात अनेक जाती असाव्यात असे गेल्या काही वर्षांतील डीएनए अभ्यासांतून दिसू लागले आहे, म्हणजे तज्ज्ञांनाही जिथे काळजी घ्यावी लागते तिथे मोबाइलकडून अचूकपणाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

जातीच्या पातळीवर खरी कसोटी लागते. फिलिडिया व्हॅरिकोसाच्या पाठीवर निळसर-राखाडी रंगाचे लांब उभे कंगोरे डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेले असतात, त्यांच्या मध्ये काळे पट्टे असतात, आणि कंगोऱ्यांवर ओळीने आलेल्या गाठींची टोके पिवळी असतात. कापसासाठी सरी-वरंबे पाडलेले शेत उंचावरून पाहिले तर जसे दिसेल तशी ही रचना आहे. वरंबा निळसर, सरी काळी, आणि पिवळा ठिपका नेहमी वरंब्यावर. ही सलगता महत्त्वाची आहे. आपल्या छायाचित्रात मधल्या भागात तीन कंगोरे सलग दिसतात, आणि कडेला आणखी दोन तुटक कंगोरे असावेत असे वाटते. मोठ्या प्राण्यात कंगोऱ्यांची संख्या वाढते. ही जाती १० सेंटिमीटरपेक्षा मोठी होऊ शकते, त्यामुळे आपला बोटाएवढा प्राणी अजून वाढीच्या टप्प्यावर असण्याची शक्यता आहे, आणि नेमक्या याच आकारात गोंधळ होतो.

गोंधळ होतो तो मुख्यतः फिलिडिया सिलेस्टिसशी. बर्ग याने १९०५ मध्ये नाव दिलेली ही जाती आकाराने लहान राहते, सुमारे ६ सेंटिमीटरपर्यंत. तिचा निळा रंग सहसा जास्त मोकळा आणि स्वच्छ दिसतो, कंगोरे कमी असतात, आणि पिवळ्या गाठी तुलनेने मोठ्या व सुट्या असतात. ‘सहसा’ आणि ‘तुलनेने’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. दोन्ही जातींचे प्रौढ नमुने शेजारी ठेवले तर पाठीवरून फरक करता येतो. पण व्हॅरिकोसाचे कमी कंगोऱ्यांचे लहान वयाचे नमुने आणि सिलेस्टिसचे पूर्ण वाढलेले नमुने पाठीवरून इतके जवळ येतात की निर्णय देणाऱ्याने थांबावे हे बरे. इथे तळवा पाहावा लागतो. व्हॅरिकोसाच्या पादाच्या तळव्यावर मधोमध एक काळी उभी रेघ असते. सिलेस्टिसच्या तळव्यावर ती नसते. ही रेघ वय, आकार, प्रकाश किंवा छायाचित्रातील रंगछटा यांवर फारशी अवलंबून नसल्याने पाठीवरच्या सगळ्या नक्षीपेक्षा तिचे वजन जास्त आहे.

तळव्यावर काळी रेघ असलेली आणखी एक जाती आहे, फिलिडिया एलेगन्स, पण तिच्या पाठीवरचे उंचवटे सलग कंगोरे न होता सुटे राहतात आणि त्यांत गुलाबी किंवा हिरवट झाक असते, म्हणून आपल्या प्राण्याबाबत तिचा विचार सोडून देता येतो. सोनेरी-पिवळ्या पाठीवर काळी वर्तुळे असलेली फिलिडिया ऑसेलाटा तर पहिल्या नजरेतच वेगळी पडते. मलमार्गाच्या छिद्राचा उल्लेख मात्र करायला हवा, कारण जुन्या पुस्तकांत त्याला मोठे महत्त्व आहे. फिलिडियाच्या बहुतेक जातींत हे छिद्र पाठीवर, मागच्या टोकाजवळ मध्यरेषेवर असते. काही जातींत ते प्रावाराखाली मागे असते, आणि एवढ्या फरकावर फ्रायेरिया नावाचा वेगळा वंश मानला जात होता. पुढे तो फिलिडियातच विलीन करण्यात आला. आपल्या वरून घेतलेल्या छायाचित्रात मागच्या बाजूला शेवटच्या दोन गाठींच्या मध्ये एक लहानसा फुगवटा दिसतो. तो हेच छिद्र असावा, पण ओल्या अंगावरील चकाकीमुळे मी त्यावर फार भार टाकत नाही.

नावांच्या इतिहासाबद्दल थोडे सांगतो, कारण शाळेच्या ग्रंथालयात एखादे जुने पुस्तक असल्यास त्यात वेगळे नाव सापडेल. फिलिडिया हा वंश कुव्हिये याने १७९७ मध्ये मांडला आणि व्हॅरिकोसा हे जातिनाव लामार्कने १८०१ मध्ये दिले. एरेनबर्गने तांबड्या समुद्रातील नमुन्यांना १८३१ मध्ये फिलिडिया अरेबिका म्हटले. आज ते व्हॅरिकोसाचेच दुसरे नाव मानले जाते. अशी जादा नावे साचण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी जहाजांवरून युरोपात पोहोचणारे नमुने मद्यार्कात बुडवलेले असत, आणि मद्यार्कात या गोगलगायींचे रंग उडून जातात. ज्याने जिवंत प्राणी कधी पाहिलाच नव्हता त्याला फिकट, आकसलेल्या गोळ्यावरून वर्णन लिहावे लागे. ब्रुंकहोर्स्ट याने १९९३ मध्ये या संपूर्ण कुळाचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला, त्यानंतर नावांना बरीच शिस्त आली. ज्या कोणाला या कुळात खोलवर जायचे आहे त्याला आजही तिथून सुरुवात करावी लागते.

ठिकाणाचा पुरावाही ओळखीत धरला पाहिजे. फिलिडिया व्हॅरिकोसा तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर ओलांडून मध्य प्रशांतापर्यंत पसरलेली आहे, आणि भारतात अंदमान व लक्षद्वीप या दोन्ही बेटसमूहांत ती आढळते. भरदिवसा, उघड्यावर, कोणाचीही पर्वा न करता हळूहळू सरपटणे हा तिचा स्वभावच आहे, त्यामुळे ओहोटीच्या डबक्यात ती सापडण्यात काही नवल नाही. आपल्याकडून, म्हणजे जळगाव-धुळ्याकडून, सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा. आपलीच तापी तिथे खंभातच्या आखाताजवळ समुद्राला मिळते. पण तिथले पाणी गाळाने इतके गढूळ असते की प्रवाळ आणि स्पंजांवर जगणाऱ्या अशा जातींना ते मानवत नाही. खानदेशातल्या विद्यार्थ्याने डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन फिलिडिया शोधण्यात दिवस घालवू नये. तिला स्वच्छ, उबदार पाणी आणि ठरावीक स्पंज लागतात.

स्पंजाचा विषय निघाला म्हणून माशांच्या मृत्यूकडे येतो. इतर पुष्कळ गोगलगायींच्या तोंडात खाद्य खरवडणारी दातेरी पट्टी असते, तिला रॅड्युला म्हणतात. फिलिडिया कुळाला ती नसते. हे प्राणी स्पंजावर पाचक रस सोडतात आणि विरघळलेला भाग शोषून घेतात. स्पंजाबरोबर त्याची संरक्षक रसायनेही पोटात जातात, आणि ती न पचवता गोगलगाय आपल्या कातडीत साठवते. जोहान्स याने १९६३ मध्ये नोंदवले की फिलिडिया व्हॅरिकोसाला डिवचले की तिच्या अंगातून उग्र वासाचा चिकट स्राव निघतो आणि तो मासे व कवचधारी प्राणी मारू शकतो. पुढे १९७५ मध्ये हवाईतील संशोधकांनी त्या स्रावातील क्रियाशील संयुग वेगळे करून त्याची रचना मांडली, आणि तेच संयुग तिच्या खाद्यातील स्पंजातही सापडले. त्याचे नाव ९-आयसोसायनोपुपुकीनेन असे लांबलचक आहे. त्यातील ‘पुपुकी’ हा भाग ओआहू बेटावरील पुपुकेआ या ठिकाणावरून आला. गोगलगाय विष स्वतः तयार करत नाही, उसने घेते, ही गोष्ट या दोन शोधांच्या साखळीतून सिद्ध झाली, आणि वर्गात शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

आपल्या बाटलीतील दोन मासे या विषाने मेले का? मेले असतील. पण मी हा पुरावा ओळखीच्या बाजूने अगदी थोडाच मोजतो. बंद बाटली, थोडे पाणी, अंदमानातले ऊन आणि त्यात दोन मासे, एवढ्यानेही पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. गोगलगाय नसलेली, तेवढ्याच पाण्याची आणि तेवढ्याच माशांची दुसरी बाटली शेजारी ठेवलेली असती तर काही निष्कर्ष काढता आला असता, आणि तसा प्रयोग करावा असे मी अर्थातच सुचवत नाही. शिवाय विषाचा पुरावा खरा धरला तरी तो जातीपर्यंत नेत नाही. अशा प्रकारची रसायने या कुळातील अनेक जातींत सापडतात. यातून पुढच्या सहलीसाठी एकच सूचना निघते: डबक्यातील निरनिराळे प्राणी एका भांड्यात एकत्र करू नयेत.

मुलाची काळजी करण्याचे कारण नाही. या गोगलगायी चावत नाहीत, डंख मारत नाहीत, आणि धड, न जखमलेल्या हाताला त्यांच्या स्रावाने सहसा काही होत नाही. तो स्राव डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ नये एवढेच पाहायचे, आणि हात लावल्यावर साबणाने धुवायचे. सहलीला आता दिवस लोटले आहेत आणि मुलगा ठणठणीत आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा हा विषय संपला. मात्र ‘रंगीत गोगलगाय हाताळायला हरकत नाही’ असा सर्वसाधारण नियम मुलांना सांगू नये. निळा ड्रॅगन म्हणून प्रसिद्ध असलेली ग्लॉकस ही तरंगती समुद्री गोगलगाय ‘पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर’सारख्या दंशपेशी असलेल्या प्राण्यांना खाते, त्यांच्या दंशपेशी आपल्या अंगात जपून ठेवते, आणि तिचा दंश माणसाला चांगलाच जाणवतो. डबक्यातल्या प्राण्यांना हात न लावता पाहणे हाच सर्वांत सोपा नियम. त्याला कायद्याचीही बाजू आहे: समुद्री काकड्या आणि कठीण प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, आणि ज्याला आपण गोगलगाय समजून उचलले ते वर सांगितलेले नकली पिल्लू निघाले तर अजाणतेपणीही आपण कायद्याच्या चुकीच्या बाजूला उभे असू.

प्रयोगशाळेत जिवंत ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. मिठाच्या पाण्याची टाकी, योग्य तापमान आणि गाळणी हे सगळे खर्च करून जमवले तरी तिला लागणारा स्पंज अमळनेरला कुठून आणणार? अन्नाविना ती हळूहळू आकसत जाऊन मरते, आणि मरताना टाकीत स्राव सोडला तर टाकीतील इतर जिवांनाही घेऊन जाते. बरणीतला नमुनाही फारसा उपयोगी नाही. आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहालयात समुद्री प्राण्यांच्या जुन्या बरण्या वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांनी वाकून वाकून पाहिल्या, आणि बऱ्याच जणांचा समुद्राशी पहिला परिचय तिथेच झाला. पण न्यूडीब्रँकच्या बरणीत पाहण्यासारखे काही उरत नाही. रंग उडतो, अंग आकसते, आणि फॉर्मलीन आम्लधर्मी होत गेले की या कुळाची खास खूण असलेल्या चुनखडीच्या कंटिकाही विरघळून जातात. चार बाजूंनी घेतलेली चांगली छायाचित्रे बरणीपेक्षा शतपटीने मोलाची.

ती छायाचित्रे कशी घ्यावीत हे विद्यार्थ्यांना शिकवता येईल. एक बरोबर वरून, ज्यात डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण प्राणी आणि प्रावाराची सगळी कड येईल. एक समोरून, रायनोफोर वर असताना. एक बाजूने, झालरीच्या उंचीवर मोबाइल धरून. आणि एक ती ज्यावर बसली आहे त्या पृष्ठभागाचे, कारण खालचा स्पंज हाही पुरावा असतो. आकारासाठी शेजारी बोट किंवा नाणे धरावे, प्राण्यावर ठेवू नये. तळव्यासाठी तिला उलटे करण्याची गरज नाही. खडकाच्या उभ्या कडेवरून खाली उतरताना ती अंगाचा पुढचा भाग हवेत उचलते, तेवढा क्षण साधला की तळव्याचा पुढचा भाग दिसतो. थोडा धीर लागतो, इतकेच.

समुद्र हाताशी नसला तरी या निरीक्षणाचा सराव खानदेशात होऊ शकतो. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीच्या बागांत आणि गावोगावच्या परसात काळपट, चपटी, चामड्यासारख्या कातडीची बिनशंखाची गोगलगाय निघते; लेव्हिकॉलिस आल्टे हे तिचे शास्त्रीय नाव. तिच्या पाठीवर मधोमध फिकट रेघ असते आणि पाठीची कातडी दोन्ही बाजूंनी इतकी खाली येते की वरून पाद दिसतच नाही. विद्यार्थ्यांना ती काचेच्या तुकड्यावर चढू द्यावी आणि काच उचलून खालून पाहायला सांगावे. अंगाच्या रुंदीच्या मानाने अरुंद असलेला पाद, त्याच्या दोन्ही बाजूंची पाठीच्या कातडीची खालची बाजू, आणि पादावरून सरकत जाणाऱ्या स्नायूंच्या लाटा हे सगळे एका दृष्टिक्षेपात कळते. समुद्री फिलिडियाशी तिचे जवळचे नाते नाही, तिला कल्ले नाहीत, पण वरून आणि खालून घेतलेल्या दोन छायाचित्रांत किती वेगवेगळी माहिती असते हे मुलांना यातून समजेल. हातात मोजे हवेत, कारण या गोगलगायी उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीच्या वाहक असतात आणि तो कृमी माणसाला आजारी पाडू शकतो. समुद्री गोगलगायीपेक्षा ही घरची गोगलगाय हाताळताना अधिक जपावे लागते.

आपण शाळेच्या भित्तिपत्रकावर नोंद करणार असाल तर आज ती ‘फिलिडिया, बहुधा व्हॅरिकोसा, शहीद द्वीप, अंदमान, ओहोटीचे डबके, तळवा पाहिलेला नाही’ अशी करावी, सोबत तारीख आणि अंदाजे लांबी द्यावी. ‘तळवा पाहिलेला नाही’ हे शब्द गाळू नयेत, कारण पुढे कोणी नोंद तपासली तर निर्णय कशावर केला आणि कशावर केला नाही हे त्याला कळले पाहिजे.

आणि एक गोष्ट करून पाहा. प्राणी काही मिनिटे पारदर्शक बाटलीत होता, आणि अशा वेळी ती बाटलीच्या भिंतीला चिकटून सरपटू लागते, म्हणजे तळवा काचेतून दिसावा तसा बाहेरून दिसतो. बाटलीभोवती मुले जमली असणार आणि कोणी ना कोणी मोबाइलवर चित्रण केले असणार. सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ते मागवून घ्या आणि थांबवत थांबवत पाहा. फिकट राखाडी तळव्यावर मधोमध काळी रेघ दिसली तर नोंदीतील ‘बहुधा’ खोडून टाका. तळवा स्वच्छ दिसत असूनही रेघ नसेल तर व्हॅरिकोसा खोडून तिथे सिलेस्टिस लिहा, आणि ते चित्रण मलाही पाठवा, म्हणजे पाठीवरचे कंगोरे त्या नजरेने पुन्हा तपासता येतील.